सत्तरीतल्या अनोळखी माणसासाठी घर कसं बांधायचं?

उंबरठा | शनिवार, रात्री ९:४०

नागपूरजवळ बेसाला प्लॉट घेऊन ठेवला होता, तो यंदा बांधायला काढतोय. नकाशा झालाय. खाली हॉल, किचन आणि एक लहान खोली. वर आमची बेडरूम, मुलीची खोली, पुढे गच्ची. मधे वळणाचा जिना, जो बायकोला फार आवडलाय. मी ४७, ती ४४. रोज सकाळी अंबाझरीला चालतो, तब्येती ठणठणीत. देवघर ठेवलं नाही, दोघांनाही लागत नाही. ती जागा पुस्तकांना दिली.

आर्किटेक्टने नकाशा टेबलावर पसरला आणि विचारलं, "सत्तरीत वर कोण चढेल?" मी म्हटलं, आम्हीच. म्हटलं खरं, पण हे वाक्य आपण आधी कुठेतरी ऐकलंय असं वाटत राहिलं. घरी येताना गाडीवर आठवलं. बाबांचं वाक्य होतं ते.

आमचं महालातलं घर १९९० साली बांधलं. बाबा तेव्हा ४२ वर्षांचे. तीन मुलं म्हणून तीन मजले. प्रत्येक मजल्यावर वेगळा ओटा, वेगळं न्हाणीघर, जिन्यापाशी विजेच्या तीन मीटरांची फळी. पोरं भांडली तरी एका छताखाली भांडतील, असा हिशेब. स्वतःची खोली त्यांनी सगळ्यात वर घेतली, हवा लागते म्हणून. "आणि म्हातारपणी?" असं आजीने विचारलं तर म्हणाले होते, "मी काय जिने चढणं सोडून देणार हाय का?"

आज मोठा भाऊ पुण्यात, धाकटा कॅनडात, मी प्रतापनगरच्या फ्लॅटमध्ये. वरचे दोन मजले पारव्यांचे. बाबांनी तिसरा मजला चार वर्षांत पाहिलेला नाही, किल्ली खाली खिळ्याला टांगलेली असते.

पण खरी गोष्ट देवघराची आहे. बाबा तेव्हा कट्टर नास्तिक होते. आई मागे लागली तर म्हणाले, "देवाला वेगळी खोली कायले पाहिजे? तो भाडं देतो का?" शेवटी जिन्याखालच्या तिरप्या जागेत आईला देव्हारा मिळाला. रिटायर झाल्यावर काय झालं कोण जाणे, पण गेली पंधरा वर्षं बाबा पहाटे आंघोळ करून त्या जिन्याखाली बसतात. दोन दोन तास. उठताना रोज डोकं जिन्याला लागतं. आईने तिथे जुन्या गादीचा तुकडा खिळे मारून ठोकून दिलाय.

त्या जिन्याखालची जागा बाबांनी स्वतः मापली होती. आता मी मापून राहिलोय. सत्तरीतला मी कसा असेन हे ठाऊक नसताना त्याच्यासाठी घर कसं बांधायचं? कोणी बांधलंय का?

---

भैताड_नंबर_१ | शनिवार, रात्री ९:५२

लिफ्ट लावा. विषय संपला.

---

तर्रीवाला_काका | शनिवार, रात्री १०:१५

भाऊ, इतका विचार कायले करता? माणूस मुळातून बदलत नाही. मी ६६ वर्षांचा आहे. १९७८ पासून रविवारी तर्री पोहे, संध्याकाळी फुटाळ्याला चक्कर, रात्री रेडिओ. कॉलेजात होतो तसाच आहे. केस गेले तेवढेच. तुमचे बाबाही मनातून देवभोळेच असतील, तेव्हा फॅशन म्हणून नास्तिक झाले असतील.

---

काळी_फळी | शनिवार, रात्री ११:०५

काका, माफ करा, पण तुमच्या पहिल्या वाक्यावर पाहण्या झाल्या आहेत. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. हा विषय निघाला की वर्गातली मागची बाकंसुद्धा जागी होतात.

जॉर्डी क्वॉइडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या तिघांचा शोधनिबंध जानेवारी २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून जास्त लोकांना त्यांनी दोनपैकी एक प्रश्न विचारला. काहींना विचारलं, गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात? बाकीच्यांना विचारलं, पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? स्वभाव, मूल्यं, आवडीनिवडी, सगळ्यांबद्दल.

मग २८ वर्षांच्यांचं भाकीत आणि ३८ वर्षांच्यांची कबुली शेजारी ठेवली. जवळपास प्रत्येक वयात मागे वळून पाहणारा म्हणतो, "बराच बदललो." पुढे पाहणारा म्हणतो, "आता फारसं काही बदलायचं नाही." वीस वर्षांचा पोरगाही हेच म्हणतो आणि पन्नाशीतले गृहस्थही. याला त्यांनी इतिहास संपल्याचा भ्रम म्हटलं. माझा इतिहास आजपर्यंत घडला, आज संध्याकाळी संपला, आता मी तयार माल.

मला त्यातला पैशांचा भाग जास्त आवडतो. दहा वर्षांपूर्वी जो बँड आवडायचा त्याचा कार्यक्रम आज ऐकायला किती द्याल? सरासरी ८० डॉलर. आज आवडतो त्याचा कार्यक्रम दहा वर्षांनी ऐकायला आज किती मोजाल? १२९ डॉलर. आजची आवड टिकेल या खात्रीपायी लोक दीडपटीहून जास्त मोजायला तयार. उंबरठा, तुमच्या बाबांनी दोन मजले त्याच हिशेबात बांधले.

आता काकांच्या बाजूनेही एक. बदलाचा वेग वयाबरोबर कमी होतो, हे त्याच पाहणीत दिसलं. साठीतला माणूस विशीतल्यापेक्षा कमी बदलतो. पण "कमी बदलेन" आणि "बदलणारच नाही" यांत एक अख्खा जिना आहे.

---

तर्रीवाला_काका | शनिवार, रात्री ११:२०

अमेरिकेतले लोक बदलत असतील ताई. तिकडे घरं पण लाकडाची असतात.

---

काळी_फळी | शनिवार, रात्री ११:३१

काका, मग स्कॉटलंडचं ऐका, तिथे घरं दगडाची आहेत. तिथल्या १,२०८ मुलामुलींच्या स्वभावाची नोंद ती १४ वर्षांची असताना शिक्षकांनी केली होती. आत्मविश्वास, चिकाटी, मनाची स्थिरता असे सहा गुण. त्यातले १७४ जण वयाच्या ७७ च्या आसपास पुन्हा सापडले. त्यांनी स्वतःला गुण दिले, ओळखीच्या एकेका माणसानेही दिले. २०१६ साली निष्कर्ष आले. चौदाच्या पोराचा आणि सत्त्याहत्तरच्या आजोबांचा मेळ जवळजवळ लागलाच नाही.

अर्थात तेव्हा गुण शिक्षकांनी दिले आणि नंतर स्वतः व्यक्तीने, त्यामुळे मोजपट्टीच थोडी वेगळी झाली, हा आक्षेप रास्त आहे. दहा-पंधरा वर्षांच्या टप्प्यात स्वभाव बराच टिकतो हेही खरं. पण साठ वर्षं ही थट्टा नाही.

---

कूलरवाला | रविवार, सकाळी ८:१०

मी शिकलेला कमी, पण हे मी दर उन्हाळ्यात गल्ल्यावर बसून पाहतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गिऱ्हाईक येते ते घामाने निथळत. त्याला सगळ्यात मोठा कूलर पाहिजे. मी विचारतो, खोली केवढी? खिडकीचं माप काय? माप आणलेलं नसते. "तुम्ही मोठा द्या हो." घरी नेतो तर खिडकीत बसत नाही, बसला तर आवाजाने रात्री टीव्ही ऐकू येत नाही. तोच माणूस जुलैत येतो, म्हणतो कूलर हवाच देत नाही. अरे बाप्पा, पावसाळी हवेत पाणी उडणारच नाही तर गार कसं होईल? ताट्या ओल्या राहून वास मारते फक्त. कूलर कोरड्या हवेचं यंत्र आहे. पण मेमध्ये उभ्या माणसाला जुलै दिसत नाही.

आणि तोच माणूस जानेवारीत आला असता तर बाराशे रुपये कमी लागले असते. जानेवारीत त्याला मे दिसत नाही. माझा धंदाच त्याच्यावर चालून राहिला.

---

काळी_फळी | रविवार, सकाळी ८:४०

कूलरवाले भाऊ, तुमच्या गल्ल्याला पीएचडी द्यायला हवी. अर्थशास्त्रात याला नाव आहे, प्रोजेक्शन बायस. लोवेनस्टाइन, ओ'डोनह्यू आणि रॅबिन यांनी २००३ मध्ये त्याचं गणित मांडलं: आजची अवस्था आपण उद्यावर तशीच्या तशी टाकतो. पुढे अमेरिकेत घरपोच कपडे मागवणाऱ्यांच्या ऑर्डरी तपासल्या. ज्या दिवशी थंडी जास्त, त्या दिवशी मागवलेले थंडीचे कपडे परत येण्याचं प्रमाण जास्त निघालं. कुडकुडत मागवले, घरात आले तेव्हा एवढी गरज वाटली नाही. उपाशीपोटी बाजारात जाऊ नये असं आपल्या आया म्हणायच्या, ते हेच.

---

भैताड_नंबर_१ | रविवार, सकाळी ८:४४

म्हणजे उंबरठा भाऊंनी नकाशा गुडघे दुखत असतील त्या दिवशी काढावा.

---

परतलेली | रविवार, सकाळी ११:२५

मला वेगळंच बोलायचंय. आपण स्वतःला ओळखत नाही हे ठीक, पण बाकीचे आपल्याला जुन्याच मापात शिवत राहतात त्याचं काय?

२००४ साली नागपूर सोडताना स्टेशनवर सगळ्यांसमोर म्हणाले होते, या गावात परत पाय ठेवणार नाही. बावीस वर्षांची होते. इथे काही घडतच नाही, चौकाचौकात ओळखीचे लोक, उशीर झाला तर घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. पुण्यात, मग बंगळुरात छान रमलेही. २०२१ मध्ये परत आले, आणि ज्या ओळखीच्या चौकांना शिव्या घातल्या त्यांच्याच जिवावर आई आजारी असताना रात्री दोनला औषध मिळालं. आता मी इथून हलणार नाही. (हो, काळी_फळी ताई, मी काय लिहिलं ते कळलं मला.)

पण आजही लग्नकार्यात कोणीतरी मावशी म्हणतेच, "तू तर येणार नव्हतीस ना गं?" जणू मी बावीसाव्या वर्षी स्टॅम्पपेपरवर सही केली होती.

आणि आई. आई मला दर हिवाळ्यात सांबारवडी करते. सोळाव्या वर्षी मी एका बैठकीत अकरा खाल्ल्या होत्या, ती दंतकथा आमच्याकडे अजून सांगतात. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीचं नव्हे.) आता दोन खाल्ल्या की पित्त होतं. आई बहात्तरची आहे. जुड्या निवडायला, धुवायला, पंख्याखाली वाळवायला तिला अख्खा दिवस लागतो. बेसन आणि कणकेची पोळी लाटून त्यात खसखस-खोबऱ्याचं सारण भरते, घडीला चिंचेचं पाणी लावते, आणि ताट पुढे ठेवून समोर बसते. मोजत. मी चार खाते आणि रात्री जागते. तिला सांगायचं कसं, की ती ज्या मुलीसाठी वड्या करते ती मुलगी आता इथे राहत नाही?

उंबरठा, तुमच्या बाबांबद्दल "कट्टर होते, आता जिन्याखाली बसतात" असं तुम्ही लिहिलंत त्यात मला ती मावशी ऐकू आली. राग नसावा.

आणि एक. नकाशात देवघर नाही म्हणालात. दोघांनाही लागत नाही म्हणालात. वय ४७. परत एकदा स्वतःचीच पोस्ट वाचा.

---

तर्रीवाला_काका | रविवार, दुपारी १२:०२

परतलेली ताई, वड्या पाठवून द्या, आम्ही खातो.

---

उंटखाना_वाचनालय | रविवार, दुपारी १:३०

सगळे एकाच बाजूने बोलून राहिले म्हणून दुसरी बाजू. मी दीक्षाभूमीपासून पायी वाटेवर राहतो, त्यामुळे मला हेच आठवणार.

१३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. एकवीस वर्षं आणि एक दिवस. मधे घटना लिहून झाली, मंत्रिपद मिळालं, सोडलं, तब्येत ढासळली. बोललेला शब्द जागेवर होता. त्याच वर्षी ६ डिसेंबरला ते गेले. भविष्यातला आपण कोण असेल ते कळत नाही, हे सगळ्यांनाच लागू होतं का?

---

काळी_फळी | रविवार, दुपारी २:१५

हा मुद्दा मी वर्गात कधी घेतला नव्हता, आता घेईन. मला त्यात एक गोष्ट दिसते, चुकत असेन तर सांगा. १९३५ मध्ये त्यांनी काय राहणार नाही ते सांगितलं. काय होणार ते सांगितलं नाही. एक दार कायमचं बंद केलं आणि पुढची वाट शोधायला स्वतःला वर्षानुवर्षं दिली. आपण उलटं करतो. बंद काहीच करत नाही, आणि पुढच्या खोलीतलं फर्निचर आजच ठरवून मोकळे होतो.

---

उंटखाना_वाचनालय | रविवार, दुपारी २:२२

हे पटलं. पण एक जोडा. ती घोषणा एकट्याची नव्हती, समोर हजारो लोक होते. चार भिंतीत ठरवलेलं आणि लोकांसमोर बोललेलं यात फरक पडतोच. परतलेली ताईंच्या मावशीचा तेवढाच उपयोग.

---

ओळंबा | रविवार, रात्री ९:१०

धागा आत्ता वाचला, दिवसभर साइटवर होतो. बांधकामात २२ वर्षं झाली, म्हणून कामाचं बोलतो.

नागपुरात कोणत्याही वस्तीत गच्चीवर उभे राहा आणि आजूबाजूला पाहा. दर दुसऱ्या घराच्या कॉलममधून सळया वर आलेल्या दिसतील. पुढचा मजला चढवायचा म्हणून सोडलेल्या. कोणी त्यांना सिमेंटची स्लरी फासतो, कोणी उलट्या बाटल्या घालतो, बाकीच्या पावसात गंजतात. मी दहा घरांना सळया सोडल्या असतील तर मजला दोघांनी चढवला असेल. त्यातल्या एकाच्या सळया इतक्या खाल्लेल्या होत्या की कॉलमचं डोकं फोडून नवीन जोडाव्या लागल्या. त्या सळया म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या माणसाचा अंदाज. आता त्यावर कपडे वाळतात.

म्हणून मी गिऱ्हाइकाला तुम्ही पुढे कसे असाल ते विचारतच नाही. त्याला ते येत नाही. मी विचारतो, नंतर फोडायला काय महाग पडेल? तेवढं आज करून घ्या. बाकी आवडीचं करा, चुकलं तर बदलता येतं. रंग, टाईल, पुस्तकांची भिंत, सगळं बदलता येतं. कॉलम आणि बीम बदलत नाहीत, संडासाची लाइन हलवणं महाग.

तुमच्या घराचं: खालच्या लहान खोलीला लागून संडास-बाथरूम आत्ताच द्या. दार तीन फुटी ठेवा. आपल्याकडे बाथरूमला अडीच फुटी लावतात, त्यातून व्हीलचेअर जात नाही आणि धरून नेणारा माणूसही बाजूने मावत नाही. बाथरूमला उंबरा नको (तुमच्या आयडीची माफी मागून), उतार नीट काढा. जिन्याची पायरी सहा इंचाच्या वर नको. वळणाचा जिना घेतला तर वळणावरच्या त्रिकोणी पायऱ्या टाळा. म्हातारं माणूस तिथेच घसरते, कारण आतल्या बाजूला पाय टेकायला जागा नसते. वळणावर सपाट चौक घ्या, वहिनींचं वळणही राहील.

आणि पहिल्या प्रतिसादातल्या भाऊंचं बरोबर आहे, फक्त आज नाही. लिफ्ट लावू नका, लिफ्टची जागा ठेवा. पाच बाय पाच फूट. चारी बाजूंनी बीम घ्या आणि मधला स्लॅब तेवढ्या चौकटीत वेगळा टाका. गरज पडली की तो तुकडा फोडायचा, घराला धक्का नाही. तोवर खाली स्टोअर करा, वर कपाट करा. लिफ्ट लागलीच नाही तर पाच बाय पाचचं कपाट कोणाला नको असते?

---

भैताड_नंबर_१ | रविवार, रात्री ९:१४

दंडवत. (आणि पहिला मान माझा, हे नोंदवून ठेवा.)

---

तर्रीवाला_काका | पुढचा रविवार, सकाळी ९:३०

एक कबुली द्यायची आहे, सौ. वाचते म्हणून नाही, स्वतःहून देतो.

आज नेहमीच्या गाडीवर गेलो. पोहेवाल्या पोराने मला न विचारता पोहे कोरडे दिले आणि तर्री बाजूला वाटीत. म्हटलं, काऊन रे, आज असं? तर म्हणतो, "काका, तुम्ही तीन वर्षांपासून वेगळीच मागता. अर्धी ठेवून जाता."

मी तिथेच ती सगळी वाटी पोह्यांवर ओतून खाल्ली. आत्ता ताक पिऊन राहिलो.

---

परतलेली | पुढचा रविवार, सकाळी १०:०५

काका!! वड्यांचा बेत रद्द.

मीही आईला सांगितलं शेवटी. ती शांतपणे म्हणाली, "मला पण आता लाटून लाटून खांदा दुखते, पण तुला आवडते म्हणून करते." दोघी सहा वर्षं एकमेकींसाठी करत होतो. यंदा विकतच्या आणल्या, अर्ध्या अर्ध्या खाल्ल्या. बऱ्या नव्हत्या.

---

उंबरठा | पुढचा रविवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. परतलेली, राग नाही. उलट दोन दिवस ते वाक्य डोक्यात घेऊन फिरलो आणि काल बाबांकडे नकाशा घेऊनच गेलो.

ओळंबा, तुमचं जवळजवळ सगळं घेतलं. खाली बाथरूम, तीन फुटी दार, जिन्याला सपाट चौक, पाच बाय पाचची जागा. आर्किटेक्ट म्हणाला, नकाशा मंजुरीला टाकायचा तर प्रत्येक जागेला नाव लागतं, या चौकोनात काय लिहू? बायको म्हणाली, लिहा स्टोअर.

बाबांनी चष्मा लावून नकाशा पाहिला. रेल्वेत होते, ड्रॉइंग वाचता येतं त्यांना. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता देवघराचं विचारतील. काय उत्तर द्यायचं ते ठरवूनही गेलो होतो, की बाबा, तुम्ही बेचाळीसला जे म्हणालात तेच मी म्हणतोय.

त्यांनी विचारलंच नाही. पेन्सिल मागितली, उत्तरेचा बाण शोधला, आणि त्या चौकोनाच्या एका भिंतीवर बारीक रेघ मारली.

"तुझ्या स्टोअरले पूर्वेकडून खिडकी ठेवजो," म्हणाले. "सामानाले कुबट वास नाही लागत."

---

ओळंबा | पुढचा रविवार, रात्री ११:०२

खिडकी बसते तिथे. लिफ्ट आली तर बुजवता येईल. उंची किती ठेवलीय?

---

उंबरठा | पुढचा रविवार, रात्री ११:०६

दहा फूट. उभं राहिलं तरी डोकं लागत नाही.